तीन सकाळींचा खोटा वारा

आत्या, तू गेलीस त्या सकाळी हवेचा दाब नऊशे एकोणपन्नास होता आणि वारा नव्हता.

बाबांनी मला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, तुझी पांढरी साडी आणायला. कपाटातून साडी काढली आणि ती तशीच काखेत धरून मी गच्चीवर गेले, कारण साडेआठ वाजत आले होते. दाबमापकाच्या काचेवर नखानं दोनदा टकटक केली. काटा किंचित हलून थांबला. आकडा वहीत लिहिला. गजाला बांधलेली चिंधी लोंबत होती, म्हणून वाऱ्याच्या रकान्यात 'शांत' लिहिलं. स्टीलच्या ताटावरून बोट फिरवलं आणि 'धूळ नाही' असं लिहिलं. हौसाबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "कशी हाय बाईंची तब्येत?" मी म्हणाले, "सहा वाजता गेली." हातातला ओला टॉवेल घेऊन त्या तिथंच खाली बसल्या. मी वही मिटली आणि रिक्षा बघायला खाली उतरले.

तेव्हापासून मी अशीच आहे. भूक लागते, झोप लागते, फोन घेते. आत काही हलत नाही. लिहायला बसले की हात आपोआप उपमेकडे जातो आणि लगेच तुझा आवाज येतो, "उपमा नको मित्रा, नोंद दे." संघमित्राचं 'मित्रा' तूच केलेलं. म्हणून नोंद देते.

तू कोण होतीस, कुठे कुठे बदल्या झाल्या, किती वर्षं नोकरी केलीस, हे शोकसभेत सांगून झालं. माझ्यासाठी तू म्हणजे रविवारी खडकीच्या क्वार्टरमध्ये येणारी आत्या. बाबा दारूगोळा कारखान्यातून सुटले की युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायचे. 'अन्याय' हा शब्द मी 'अननस'च्या आधी वाचायला शिकले, असं आई सांगायची. तू यायचीस, चप्पल काढायच्या आधी पत्रक उचलायचीस आणि पेन्सिलीनं खुणा करायला लागायचीस. 'हजारो कामगार' याखाली रेघ. 'किती?' 'सर्वच अधिकारी' याखाली रेघ. 'सर्वच?'

बाबा चिडायचे. "शालू, लोक आकड्यांनी पेटत नाहीत."

"पेटवायचं असेल तर आधी वारा कुठून आहे ते बघावं माणसानं," तू म्हणायचीस. "नाहीतर आपलीच झोपडी जाते."

तुला वेधशाळेतली नोकरी होती, आणि मला तेव्हा वाटायचं की तिथे बसून तुम्ही पाऊस ठरवता. तू हसली नव्हतीस. दोन बादल्या आणि रबरी नळी घेऊन तू मला क्वार्टरच्या मागे नेलंस आणि दोन बादल्यांमधलं पाणी नळीतून सारखं होताना दाखवलंस. "हवा पण अशीच. आपल्या डोक्यावर तिचा ढीग आहे. ढीग एकीकडे जड, एकीकडे हलका. जड असेल तिकडून हलका असेल तिकडे ती सरकते. त्या सरकण्याला लोक वारा म्हणतात. ऊन पडलं की जमीन तापते, हवा तापते, फुगते, वर जाते, तिथला ढीग हलका होतो, मग शेजारची हवा धावत येते. झालं. बाकी सगळं याच्याच भानगडी आहेत."

मला ते इतकं आवडलं की पुढे कॉलेजात मी पहिलं पत्रक लिहिलं त्यात लिहिलं, 'वारा म्हणजे निसर्गाची समतेची लढाई.' तुला वाचून दाखवलं. तू चहा संपवलास, कप ठेवलास आणि म्हणालीस, "हवेला तुझ्या समतेशी काही देणंघेणं नाही. आणि सगळीकडे दाब सारखा झाला ना, तर वारा पडतो. मग चुलीचा धूर चुलीवरच बसतो."

"म्हणजे विषमता हवी, असं म्हणतेस?"

"मी हवेबद्दल बोलतेय. तू कशाबद्दल बोलतेयस ते तू ठरव."

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं. मी म्हणायचे, हवेत जड-हलकं उन्हानं होतं, समाजात माणसांनी केलं, दोन्हींत फरक आहे. तू म्हणायचीस, फरक आहे म्हणूनच तुझी उपमा चूक आहे. माझ्याकडे याला एक चांगलं उत्तर होतं. ते मी या दिवाळीत तुला सांगणार होते, आणि मग तुझ्या किडनीच्या तपासण्या सुरू झाल्या.

किडनी, हे मी मुद्दाम लिहिते. कारण वस्तीत आता म्हणतात की बाईंना धुळीनं नेलं.

हिंजवडीत तू जागा घेतलीस तेव्हा मी सगळ्यांत जास्त विरोध केला होता. आयटी पार्कांच्या मागच्या अंगाला, जुन्या गावठाणातल्या एका शेतकऱ्यानं बांधलेली तीन मजली इमारत. खाली तो शेतकरी नाही, त्याची आई राहते, त्याच हौसाबाई. त्यांची शेती आता कंपन्यांच्या पार्किंगखाली आहे. तू म्हणालीस, इथली गच्ची मोकळी आहे, चारी बाजूंनी आकाश दिसतं. मी कामासाठी तुझ्याकडेच राहायला आले. जुन्या बाजारातून तू एक पितळी दाबमापक आणलास, डब्यासारखा गोल. गजाला पांढरी चिंधी बांधलीस, कठड्यावर रंगानं आठ दिशा लिहिल्यास. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. निवृत्त झालीस, पण तुझी वेळ निवृत्त झाली नाही.

हौसाबाईंना त्या डब्याचा उपयोग एकच. "बाई, आज कापडं वाळत्याल का?" तू सांगायचीस. चिंधी कुठे उडते ते त्याही बघायला शिकल्या. त्यांना तू सांगितलंस की दाब रोज ठरल्यासारखा वर-खाली होतो, सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला, दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, आणि रात्रीही तसंच. त्यांनी लगेच मान हलवली. "म्हंजी म्हशीवानी. येळेला येती, येळेला जाती."

"बरोबर. आणि म्हैस वेळेला आली नाही तर?"

"तर कायतरी बिघाडलंय."

तू त्या दिवशी मला म्हणालीस की इतकं सोपं तुला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

मग चैत्रात हौसाबाईंनी गच्चीभर कुरडया घातल्या. आकाश निळंशार. तू सकाळी डबा बघितलास, चिंधी बघितलीस. पश्चिमेचा वारा जाऊन पूर्वेचा, दमट वारा सुटला होता आणि दाब कालच्यापेक्षा खाली. "हौसाबाई, तीनच्या आत उचला." त्या हसल्या, पण उचलल्या. साडेतीनला गार वाऱ्याचा असा झोत आला की शेजारच्या इमारतीचा पत्रा आपल्या दारात येऊन पडला, आणि मग गारा. गारा फुटत होत्या तेव्हा तू मला जिन्यातून समजावून सांगत होतीस, वर गेलेली हवा पाण्यासकट थंड होऊन धपकन खाली येते, तो हा झोत. मी भिजत होते आणि म्हणाले, "नंतर सांग." पुढच्या आठवड्यात तू पुन्हा तीनचा वायदा केलास. हौसाबाईंनी अर्धवट ओल्या कुरडया उचलल्या, आणि दिवसभर कडक ऊन पडलं. "वेधशाळा फेल," त्या पंधरा दिवस येताजाता म्हणत होत्या. वहीत तू लिहिलंस, 'अंदाज चुकला.' खाली सही.

त्याच कुरडयांवरून सगळं सुरू झालं. तळल्यावर त्या दाताखाली करकरायला लागल्या. "वाळू न्हाई ही," हौसाबाई म्हणाल्या, "शिमिट हाय." आपल्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडे, काँक्रीट मिसळायचा प्लांट उभा राहिला होता. सिमेंटच्या उंच टाक्या, दिवसभर फिरणारे मिक्सर. वस्तीतल्या लोकांचे डोळे चुरचुरत होते, पाण्याच्या पिंपांवर साय धरत होती. मी एका बैठकीत पत्रक लिहून टाकलं. 'बाराही महिने, चोवीस तास, आमच्या श्वासात सिमेंट!'

तू पेन्सिल घेतलीस. "बाराही महिने?"

"आत्या, प्लीज."

"प्लांट पश्चिमेला आहे. फाल्गुनापासून जूनपर्यंत दुपारचा वारा पश्चिमेचा, तेव्हा धूळ आपल्याकडे. बरोबर. पावसाळ्यात वारा तोच, पण धूळ भिजून खाली. थंडीत वारा पूर्वेचा, धूळ जाते प्लांटपलीकडच्या कंपनीच्या काचांवर. आणि थंडीतल्या सकाळी तुम्ही जे खोकता ना, तो आपल्याच शेकोट्यांचा, बंबांचा आणि कंपनीच्या बसचा धूर. रात्री जमीन गार होते, गार हवा जड, ती खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण. वारा नाही. जाणार कुठे धूर?"

"हे मी पत्रकात लिहू? की आमचाच धूर आहे?"

"जे आहे ते लिही. चार महिन्यांची धूळ पुरेशी नाही का?"

मी तेव्हा म्हणाले की तू आयुष्यभर सरकारी वहीत आकडे भरलेस म्हणून तुला राग येत नाही. हे मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर एक स्टीलचं ताट ठेवलंस आणि वहीत एक रकाना वाढवलास. धूळ. वर्षभर, दोन वेळा. पत्रकं छापून, मोर्चे काढून जे झालं नाही ते त्या वहीनं झालं. वस्तीच्या तक्रारीवर सरकारी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली, आणि तक्रारीला जोडायचा एकमेव पुरावा म्हणजे तुझी वही. ती टिकली तर प्लांटला झाकण घालावं लागेल किंवा हलावं लागेल. नाही टिकली तर आमच्याकडे घोषणा उरतात.

सुनावणीच्या आधी तुला दवाखान्यात भरती केलं. जाताना तू मला वही दिलीस आणि तीन गोष्टी सांगितल्यास. घड्याळ बघून वर जा. वेळ चुकली तर जागा कोरी ठेव, अंदाजानं भरू नकोस. आणि चुकून काही चूक लिहिलं तर एकच रेघ मारून खोड, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही कर. "ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं. दुसऱ्या कुणी नाही. साहेबानं सुद्धा नाही." मी म्हणाले, "हो गं, अणुभट्टी नाही चालवायची."

संध्याकाळी मी दवाखान्यात असायचे म्हणून साडेपाचची नोंद तूच बंद ठेवायला सांगितली होतीस, पण त्या आठवड्यात तीन सकाळीही मी गच्चीवर गेले नाही. आठ ते नऊ कंपनीच्या बस येतात, त्या वेळेला मी थांब्यावर पत्रकं वाटत होते. धुळीबद्दलचीच. तिसऱ्या दिवशी दुपारी वही उघडली तर तीन ओळी कोऱ्या. सुनावणी तोंडावर. मला वाटलं, प्लांटचा वकील म्हणेल, बघा, वही अर्धवट आहे. मी फोनवरच्या हवामानातून दाब उतरवला, एक हजार तेरा, चौदा, तेरा. वारा 'पश्चिम'. धूळ 'भरपूर'. एका मिनिटाचं काम. वरच्या ओळीत तुझ्या अक्षरात नऊशे पन्नास लिहिलेलं होतं. मी वरची ओळ वाचलीच नाही.

संध्याकाळी वही तुझ्या खाटेवर ठेवली. तू चष्मा लावलास, बोटानं रकाना खाली आणलास आणि थांबलीस.

"पुणं समुद्रकाठी कधी आलं गं?"

मला कळलं नाही.

"फोनवर दाखवतात तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. सगळी गावं एका पातळीवर तुलना करता यावीत म्हणून. आपण उंच पठारावर आहोत. आपल्या डोक्यावर हवेचा ढीग तेवढा कमी. आपल्या डब्याचा काटा जन्मात कधी हजाराला शिवलेला नाही." मग बोट शेजारच्या रकान्यात गेलं. "आणि पौषात सकाळी साडेआठला पश्चिम वारा. धूळ भरपूर." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "तू वर गेली होतीस?"

"गेले होते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं जेवण आलं. ताट, वाटी, चमचा. ते सगळं वाजून संपेपर्यंत तुझं बोट त्याच रकान्यावर होतं.

"नव्हते गेले," मी म्हणाले. "पण मग दाबाचं नऊशे पन्नास करते. ते दुरुस्त होईल."

आत्या, तुझा तेव्हाचा चेहरा मी रोज बघते. रागाचा नव्हता. 'अंदाज चुकला' लिहून खाली सही करताना होता तसा.

"खोटं नीटनेटकं करणार," तू म्हणालीस.

मी मग बोलत सुटले. म्हणाले, त्यांच्याकडे फाइलींच्या फाइली खोट्या आहेत, त्यांच्या तपासणी अहवालात धूळच नाही, त्यांना कुणी विचारत नाही. आपल्या तीन ओळींनी काय होणार? वस्तीत लोक खोकतायत हे तर खरं आहे ना? मोठं खरं आहे ना?

"त्यांचं खोटं निघालं तर त्यांच्याकडे पैसे आहेत, वकील आहेत, ओळखी आहेत," तू म्हणालीस. तुला धाप लागत होती, तू मध्ये थांबत होतीस. "आपलं निघालं तर आपल्याकडे काय उरतं? आपल्याला खरेपणा परवडतो म्हणून आपण खरे नसतो, मित्रा. दुसरं काही परवडत नाही म्हणून असतो."

उशीखालचं पेन काढून तू माझ्यापुढे धरलंस. एक रेघ, तीन वेळा. 'नोंद घेतली नाही.' सही. मला ती सही करायची नव्हती. त्या सहीचा अर्थ सगळ्या जगाला कळला असता. 'अन्यायाविरुद्ध' म्हणून ज्या नावानं पत्रकं निघतात तेच नाव.

"सुनावणी झाल्यावर करते," मी म्हणाले.

"बरं."

त्यानंतर तू चार दिवस होतीस. आपण पुष्कळ बोललो. चहात साखर कमी आहे यावर, नर्सच्या नव्या स्कूटरवर, बाबांनी दाढी का वाढवली यावर. वहीबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या हातात पेन होतं, तू स्वतः तीन रेघा मारू शकली असतीस. पण ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं. तू वाट बघत होतीस की सोडून दिलं होतंस, हे मला कळत नाही. त्या 'बरं'चं काय करायचं तेही कळत नाही.

तुझ्या जलदानविधीला भंतेजींनी पंचशील दिलं. पाठोपाठ म्हणायचं असतं. पहिली तीन मी म्हटली. 'मुसावादा वेरमणी'ला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन या चौथ्या शीलाला, माझे ओठ हलले आणि आवाज आला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. रडतेय असं वाटलं असेल. मी रडत नव्हते.

जेवणं झाल्यावर बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. चार दिवसांवर सुनावणी. त्यांचे डोळे सुजलेले होते. "एक पत्रक काढू," ते म्हणाले. "शालू धुळीचा पहिला बळी. लोक उभे राहतील."

"बाबा, किडनी."

"माहिती आहे मला काय ते. माझी बहीण होती." मग कठड्याला हात टेकून, "तिला आवडलं नसतं, नाही?"

"पेन्सिल घेतली असती."

ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

सुनावणीच्या सकाळी झेरॉक्स काढायच्या म्हणून मी वही पहिल्यापासून उलटली. मला वाटलं होतं, तुझी वही स्वच्छ असेल. ती स्वच्छ नव्हती. जागोजागी एक रेघ, खाली वाचता येणारा चुकीचा आकडा, वर बरोबर आकडा, सही. 'चष्मा नव्हता, पुन्हा वाचले.' 'ताप. नोंद घेतली नाही.' 'दिशा चुकून उलट लिहिली.' वर्षभराच्या वहीत कुठेही लपवलेलं काही नव्हतं. फक्त माझ्या तीन ओळी तेवढ्या एकदम सुबक होत्या.

मी तुझं पेन घेतलं नाही. ते बाबांकडे आहे. झेरॉक्सच्या दुकानातलं, दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि काउंटरवरच तीन रेघा मारल्या. नोंद घेतली नाही. संघमित्रा. नोंद घेतली नाही. संघमित्रा. नोंद घेतली नाही. पूर्ण नाव, आडनावासकट.

लहान खोली होती. अधिकारी, प्लांटचे वकील, वस्तीतले सात-आठ जण, हौसाबाई. मी उभी राहिले आणि आधी तेच सांगितलं. तीन दिवसांच्या नोंदी मी घेतल्या नव्हत्या, घरी बसून भरल्या, आणि आमच्या सोयीच्या भरल्या. मागे कुणीतरी "काय बोलतेय ही" म्हणालं. वकिलांनी चष्मा पुसला.

"म्हणजे मॅडम, वही खोटी आहे हे आपणच सांगताय."

"तीन ओळी खोट्या आहेत."

"मग बाकीच्या खऱ्या कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदा उभी राहून मला वाक्य सुचलं नाही. अधिकारी म्हणाले, "ज्यांनी बाकीच्या नोंदी घेतल्या त्यांना हजर करा. त्यांचा जबाब घेऊ."

"त्या वारल्या, सायेब," मागून हौसाबाई म्हणाल्या. "मी सांगती."

"आपण कोण?"

"त्येंच्या खाली ऱ्हाती. रोज सकाळी कापडं घालाया गच्चीवर असती मी. बाई घड्याळ बघून वर यायच्या. पावसात छत्री घिऊन. काचंवर बोट वाजवायच्या, चिंधी बघायच्या, ताट बघायच्या, मग ल्ह्यायच्या. ताप असला की न्हाई यायच्या, तवा कायबी ल्ह्यायच्या न्हाईत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् ही तीन दिस आलीच न्हाई. खाली बशीपाशी कागद वाटत व्हती. आन् ताट तर मांजरानं पालथं केलं व्हतं. तिसऱ्या दिशी मी सरळ केलं."

पालथं ताट. त्यावर मी 'भरपूर' धूळ लिहिली होती.

वकील म्हणाले, "बाईंना हे शिकवून आणलंय."

"कुनी शिकवलं असतं," हौसाबाई म्हणाल्या, "तर ह्या पोरीला खोटं पाडाया शिकवलं असतं व्हय?"

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि हळूहळू सगळं लिहून घेतलं. तू यायचीस तेही, मी आले नाही तेही. मग तीन ओळी सोडून बाकीची वही दाखल करून घेतली, प्लांटला पश्चिम वाऱ्याच्या महिन्यांबद्दलचं म्हणणं मांडायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. जिंकलो नाही. वही टिकली.

बाहेर आल्यावर वस्तीतले दोघे माझ्याशी न बोलता निघून गेले. मी हौसाबाईंना विचारलं, "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं. मग आधी का नाही बोललात?"

"तू इचारलं न्हाईस," त्या म्हणाल्या, आणि सहाआसनी रिक्षाला हात केला.

संध्याकाळी खडकीला गेले. बाबा खाटेवर बसून होते, पुढे कोरा कागद. मी सगळं सांगितलं, मांजरासकट. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"लोकांना कळवावं लागेल. हे पत्रकात कसं लिहायचं?"

"असंच," मी म्हणाले.

आत्या, मग मी लिहायला बसले. नोंदी कुणी घेतल्या, त्यापासून सुरुवात करावी असं ठरवलं. तुझं नाव लिहिलं, पूर्ण, जसं तू सही करायचीस तसं. पुढचा शब्द लिहायला गेले आणि बराच वेळ मला कागदच दिसेना.